तिच्यासमोर न सांगितलेलं

बेळगावातल्या एका शाळेत अपंगांच्या तपासणीचं शिबिर होतं. सासऱ्यांच्या कानाच्या दाखल्यासाठी मी त्यांना घेऊन रांगेत उभी होते. आमच्यापुढे वडगावचा एक विणकर होता. चाकाच्या खुर्चीत त्याची तिशीतली बहीण. तिची अंघोळ, जेवण, सगळं तोच करायचा. बोलता बोलता तो तिच्या मानेमागची उशी सारखी सरळ करत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "हिला स्वतःचं काय काय करता येत नाही?" पेन्शन त्याच उत्तरावर ठरणार होती.

तो म्हणाला, "साडीचे रंग हीच निवडती. हिला इचारल्याशिवाय मी मागावर सूत चढवत न्हाय."

"ते नको. येत नाही ते सांगा."

तो माझ्याकडे वळला. हळूच म्हणाला, "आक्का, हिला जरा भायेर नेता? कन्नडात सांगितलं असतं, पर तिला कन्नड बी समजतं."

मी खुर्ची व्हरांड्यात नेली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. "काम झालं, आक्का. पर आज बहिणीची लई बदनामी केली."

तिला काय काय येतं, हेच बघत जगलेल्या माणसाला उलटं सांगणं किती जड जात असेल, हे तोवर मला सुचलंच नव्हतं.

बहिणीनं विचारलं, "आण्णा, समदं सांगितलंस न्हवं?"

तिच्या मानेमागची उशी सरळ करत तो म्हणाला, "व्हय."

"काय ठेवलं न्हाईस न्हवं मागं? मग बरं केलंस," ती म्हणाली. "चल घरला."