बोचकं बांधायच्या आधी

आमच्या ऑफिसात किस्से साचत जातात, पातेल्याच्या तळाला चहापत्ती साचते तसे! ऑफिस कसलं, आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात कमानिया गेटजवळ बांगड्यांच्या दुकानावरची एक खोली. कुणाचं घर सुटायला आलं की खबर इथं येते, अन् ते सुटू नये म्हणून आम्ही तिघं धावतो. मी वकील, मीनाक्षीदीदी दवाखान्यात नर्स, अन् मेश्रामकाका रिटायर्ड बाबू, प्रत्येक सरकारी टेबलावर ओळख असलेले. काका आता पुण्याला मुलाकडे असतात. त्यांची खुर्ची आम्ही हलवलेली नाही. खरं सांगतो, त्यांच्याशिवाय करमत नाही.

काकांचा नियम पक्का. "सामान रस्त्यावर आल्यावर जाऊन काय फायदा? बोचकं बांधायच्या आधी जायचं. तिघांनी सोबत जायचं, म्हणजे माणसाला एकच रडगाणं तीन दारी गावं लागत नाही. अन् गेल्या गेल्या चहा मागायचा!"

"काहून?" मी विचारलं.

"अरे, चहा पाजतो तोवर माणूस यजमान असतो!"

*

महाराजपुरात एक सून सासूला घराबाहेर काढून राहिली, अशी खबर आली. हिरवं दार सांगितलं होतं. आम्ही शिरलो, चहा मागितला. काकांनी त्या सुनेला सासूची माया, म्हातारपण, सगळं समजावलं. ती बिचारी पदरानं डोळे पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काकाजी, बात तो सही है, पर मेरी सास तो शादी के पहले ही गुज़र गईं!"

शेजारच्या घराचं दारही हिरवंच होतं!

काकांनी कप खाली ठेवला. "अच्छा. चहा मात्र फर्स्टक्लास होता हं, बेटा."

ती बाई आमच्यासोबत शेजारी आली आणि काकांचं अख्खं भाषण तिनंच त्या सुनेला ऐकवलं. सासू अजून त्याच घरात आहे.

*

दवाखान्यातून सुट्टी मिळण्याआधी दीदी प्रत्येकाला विचारते, "जाणार कुठं?" एक म्हातारा म्हणाला, "तिलवाऱ्याला माझी खोली आहे ना!" आम्ही आधीच जाऊन पाहिलं, तर भावानं खोलीत बकऱ्या बांधलेल्या. भाऊ भांडायलाच उठला.

काका खाटेवर बसले. "भैया, बकऱ्यांना कोण काढून राहिलं? थोडं सरका म्हणून राहिलो!"

भावाला हसू फुटलं. म्हातारा घरी आला तेव्हा खोली सारवलेली होती. बकऱ्या दाराशी.

*

काकू गेल्या आणि मुलगा काकांना घेऊन गेला. मुलगा गुणाचा, सून त्याहून. तक्रारीला जागाच नाही. निघताना काका म्हणाले, "चलो, येतो." त्या दिवशी चहा मागायचं ते विसरले.

परवा त्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"एक केस आहे," काका म्हणाले. "म्हातारा माणूस. छप्पर पक्कं, जेवण वेळेवर, घरचे चांगले. पण त्याला कोणी चहा मागत नाही. हल्ली बोलणंही कमी केलंय त्यानं."

दीदीनं सवयीनं विचारलं, "बोचकं बांधलं का त्यानं?"

"नाही अजून. म्हणून तर आत्ताच फोन करून राहिलो."

"पत्ता?" मी विचारलं.

काकांनी पुण्याचा पत्ता सांगितला, मुलाच्या घराचा.

दीदीनं चपला घातल्या. "चलो वकीलसाहेब, चहा प्यायला जायचंय!"