बटाट्याचं माहेर

हौसाबाईंची सून सुनीता दारात उभी राहिली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी मोबाइलवर बोलिव्हियाच्या विमानाचं भाडं बघत होते. ‘बरी आलीस,’ मी चष्म्यावरून म्हटलं, ‘सासूबाईंना सांग, भाडं उतरतंय. अजून थोडं थांबू.’ ती म्हणाली, ‘काकू, आई गेल्या... जेवून पडल्या होत्या, चहाला उठवायला गेले तर...’ महिना उलटून गेला. पण ‘अजून थोडं थांबू’ हे माझं शहाणपण काही कानातून जात नाही.

घणसोलीतल्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. यजमान साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या बाजारात माथाडी. उभा जन्म बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहिल्या. ते वारल्यानंतर एकदा आमच्याकडे बायका पापड लाटत होत्या आणि माझी नात मोठ्यानं धडा वाचत होती : बटाटा मूळचा इथला नव्हेच, दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातला. हौसाबाई पापड लाटायच्या थांबल्या. ‘आगं बया! म्हंजी परदेशातनं आलेली सून हाय की ही! तिच्या जिवावर आमचं घर उभं ऱ्हायलं, पोरं शिकली, आन् तिचं म्हायेर आमी बगितलं न्हाई?’ मी हसले. चांगली खो खो हसले, चार बायकांसमोर. त्यांनी शांतपणे पुढचा पापड लाटला आणि विचारलं, ‘वैनी, लई खर्च येतो का वो तिकडं?’

खर्च! हा शब्द ऐकला की माझ्यातली जुनी क्लार्क ताठ बसते. तरुणपणी मी केवढी हुशार होते, सांगू? लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तर टॅक्सी महाग म्हणून एकही पॉइंट न बघता, भाकऱ्या खाऊन, एका ओळखीच्यांच्या ओसरीवर झोपून परत आलो; आणि आल्यावर मैत्रिणींना पैसे कसे वाचवले तेच सांगत सुटले. नवरा बिचारा म्हणाला होता, ‘घरीच थांबलो असतो तर अजून वाचले असते.’ त्याचा टोमणा मला कौतुक वाटला! ती बाई आज भेटली तर तिचा कान पिळीन. पण भेटायला ती गेली कुठे होती? सत्तरीतही माझ्यातच मुक्काम ठोकून होती.

खर्चाचा हिशेब मांडता मांडता मीही सोबत जायचं ठरलं. मग रोज दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर नातीचा नकाशा आणि चहा. बटाट्याचे डोंगर दोन्हीकडे, पण शेजारच्या पेरू देशापेक्षा बोलिव्हिया स्वस्त, म्हणून तो ठरला. दोनदा विमान बदलायचं, मधला वेळ खुर्च्यांवर काढायचा. हॉटेलऐवजी एका खोलीत सहा बायका, खाली-वर खाटा. ‘वरची खाट तुमची,’ हौसाबाई म्हणाल्या, ‘मी पडले तर इमारत हालंल.’ बाजारातच जेवायचं, जोडीला मेतकूट. डॉक्टर म्हणाले, उंचावर हवा विरळ असते, दमानं चाला. ‘आमी डोंगरातलीच हाय,’ म्हणून हौसाबाईंनी डॉक्टरांनाच धीर दिला. एकदा नातीनं व्हिडिओ दाखवला : तिकडच्या बायका थंडीत गोठवलेले बटाटे पायांनी तुडवून उन्हात पसरतात, वर्षानुवर्षं टिकवतात. हौसाबाईंनी मोबाइल हातात घेतला तो सोडेचनात. ‘वैनी, ह्या वाळवण घालत्यात! आपल्यावानीच!’ त्या बायकांना आपल्या गच्चीवरच्या बटाट्याच्या किसाची रीत दाखवायची, हेही त्याच दिवशी ठरलं. भाषेचं काय, विचारलं तर म्हणाल्या, ‘वाळवनाला भाषा कशाला लागती?’

सगळं ठरलं. फक्त तिकीट काढायचं राहिलं. पहिल्यांदा मीच म्हटलं, पुढच्या महिन्यात उतरेल. मग, सुट्ट्या सरू देत. मग, मोसम बदलला की नक्की. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, ‘तुमी म्हनाल तवा.’ मला वाटायचं, बाईला काही घाई नाही...

दिवसकार्य झाल्यावर सुनीता एक बॅग घेऊन आली. प्रवासाला म्हणून त्यांनी भरून ठेवलेली. घरात कोणाला उघडवेना. दोन नऊवारी, मुलाचा जुना स्वेटर, मेतकुटाची पुडी, आणि तळाशी गाठ मारलेला हिरवा खण. सोडला तर आत तांदूळ, सुपारी, हळकुंड.

‘ही ओटी कोणाची गं?’

‘तिथल्या शेताची,’ सुनीता म्हणाली. ‘आई म्हणायच्या, लेक परक्या मुलखात एवढी राबली, तिच्या आईकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?’

मी तांदूळ हातावर घेतले. स्वच्छ, मोकळे, एक किडा नाही, जाळी नाही. ‘ताजे दिसतात.’

‘बदलायच्या ना काकू. तुमची तारीख पुढं गेली, की जुने चिमण्यांना घालून नवे बांधायच्या.’ मग तिला वाटलं असावं, नको ते बोलले. ‘चिडून नाही हां... गाणं गुणगुणत बांधायच्या.’

त्या संध्याकाळी नातीला म्हटलं, ‘मे महिन्याचं काढ. दोन तिकिटं, तू आणि मी. भाडं मला सांगू नकोस.’ आजीला ताप आलाय का, म्हणून तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावला.

खण आता माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या वरच्या घडीवर. काल त्यातले तांदूळ मी पहिल्यांदा बदलले. माझी गाठ त्यांच्यासारखी घट्ट बसत नाही. निघायच्या सकाळी सुनीताकडून बांधून घेईन.