बोरांची रांग आणि दीड वर्षाचं इंजेक्शन

मी सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. जंतू, प्रतिकारशक्ती आणि लस हा धडा मी इतक्या वेळा घेतलाय की झोपेतून उठवलं तरी आकृतीसकट सांगेन. आणि तरीही आमच्या घराण्यात लसीबद्दल सगळ्यात मोठी थाप पसरवणारी बाई मीच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो बेसा वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये चांगला ट्यूबलाइट लावून होता.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं, याला ऑटिझम आहे. त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक माणूस जाताना माझ्यावर एक खापर फोडून गेला. पोटुशी असताना ही नोकरीला जात होती. ग्रहणात भाजी चिरली. पोराला मोबाइल दिला. सासूबाई तोंडानं काही म्हणाल्या नाहीत, पण त्यांची नजर बोलायची. मला एक गुन्हेगार हवा होता, आणि तो मी नको होते. मग एके दुपारी कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ पाहिला. परदेशातली एक आई रडत सांगत होती की लस दिली आणि तिचं लेकरू हरवलं. मी पण रडले. माझ्याही मुलाला दीड वर्षाचं इंजेक्शन दिल्यावर ताप आला होता. त्याच दुपारी मी सासरच्या ग्रुपवर चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. माझा मुलगा चांगला हसत-बोलत होता, सुईनं त्याला गप्प केलं, तुम्ही आपली लेकरं सांभाळा. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर सगळ्यांनी ते वेदवाक्य मानलं, आणि त्या दिवसापासून कुणी मला दोष दिला नाही. खरं सांगते, फार बरं वाटलं.

पुढं मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी माझी शाळा घेतली. देशोदेशी लाखो मुलं तपासून झालीत, त्या म्हणाल्या. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळत नाही. ज्या लेखातून ही भीती पसरली, तो खोट्या माहितीवर उभा होता म्हणून मागे घेतला गेला. मुलाचं वेगळेपण आईबापांच्या लक्षात येतं ते वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, आणि डोसही त्याच वयात असतात. दोन माणसं बसमध्ये शेजारी बसली म्हणून नातेवाईक होत नाहीत. मला पटलं. मुलाचा पाचव्या वर्षीचा डोस मी गपचूप देऊन आणला. पण ग्रुपवर एक अक्षर बोलले नाही. खोटं सांगताना चार मिनिटं खणखणीत चाललेला माझा घसा खरं सांगायच्या वेळी बसला.

याची किंमत मला यंदाच्या संक्रांतीला कळली. भिवापूरला दिलेली माझी धाकटी नणंद तिच्या वर्षाच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलीचं बोरन्हाण मामाच्या घरी करायचं होतं. सकाळी हलव्याचे दागिने ओवता ओवता ती सहज म्हणाली, "आमच्या आळीत दोन लेकरांले गोवर निघाला, वहिनी. म्हणून चार दिवस लवकरच आली."

"हिले गोवराचा डोस दिला ना?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच ताप आलाय. "कायचा डोस? दवाखान्याची आशाताई तीनदा येऊन गेली. मी तिले तुमचा मेसेज ऐकवला. बिचारी चूपचाप चालली गेली."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. ती मुलगी समोर रांगत होती, दोन दात दाखवत होती, आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच आळीत जाणार होती. माझा आवाज तिच्या आईच्या फोनमध्ये जपून ठेवलेला होता.

मी सगळं ओकून टाकलं. मी चुकले, मला घाबरायला झालं होतं, डॉक्टरबाई असं म्हणाल्या, पोराला पुढचा डोसही दिला. नणंद ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तवाचं खरं का आताचं? तुमचं पोट्टं तं इंजेक्शनच्या पहिले चांगलंच होतं. आम्ही का पाहिलं नाही?"

सासूबाई लेकीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "तिच्या लेकरावर जबरदस्ती नको करू वं. एक भोगलं तेवढं पुरे."

पेरलेलं उगवलं होतं.

दुपारी बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे. शेजारची पोरं लुटीवर तुटून पडली. माझा आठ वर्षांचा मुलगा मात्र बाजूला बसून बोरं गोळा करत होता. पिकलेली आधी, मग हिरवी, अशी रांग लावत भिंतीपर्यंत गेला. भाची रांगत गेली आणि रांग विस्कटून आली. मी उठायला लागले, कारण रांग मोडली की तो घर डोक्यावर घेतो. त्यानं तिच्याकडं पाहिलं, बोरं परत लावली. तिनं परत मोडली. तिसऱ्यांदा तो हसला. मी डोळे पुसले, उगाच खोटं कशाला बोलू.

पाहुणे गेल्यावर नवऱ्याला लहर आली. "याचंही बोरन्हाण पाहू," म्हणत त्यानं जुना व्हिडिओ टीव्हीवर लावला. त्यात मुलगा अकरा महिन्यांचा होता. ज्या इंजेक्शनवर मी खापर फोडलं होतं, ते त्यानंतर सात महिन्यांनी दिलेलं.

पडद्यावर पोरांचा कल्ला चालला होता. मी हौसेनं टाळ्या वाजवत मुलाला हाका मारत होते. एकदा, दोनदा, सहा वेळा. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. आत्या समोर खुळखुळा हलवत होती, तो तिच्या खांद्यावरून भलतीकडेच पाहत होता. मग त्यानं एक बोर उचललं आणि दुसऱ्याशेजारी ठेवलं. मग तिसरं. व्हिडिओत सगळे हसत होते, "किती शांत पोरगं आहे!" म्हणत होते. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

नणंदेनं आधी तोंड उघडलं. "मंग नऊ महिन्याच्या सुईनं झालं असन."

मला हसू आलं आणि रागही आला. पाच वर्षांपूर्वी मी अगदी असंच बोलले असते. एक आरोपी सुटला की दुसरी सुई हजर. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई टीव्हीच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"हा तं माहा दादा होय," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर उमरेडला, विणकरांचं. मोठा भाऊ कधी बोलला नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. घरात त्याला भोळा म्हणत. "दादा असाच बसे," सासूबाई सांगू लागल्या. "मागाजवळ दिवसभर सुताच्या कांड्या भरे आन् रंगारंगानं रांगेत लावे. हाक मारली तं मान वर नाही. कांडी कोणी हलवली की मोठ्यानं ओरडे. आमाले वाटे, देवानंच तसा धाडला."

"त्याले कोणती लस दिली होती, आई?" मी विचारलं.

"त्याले?" सासूबाई लेकीकडं वळल्या. "देवी टोचणारे गावात आले का आमची माय त्याले मागाच्या खड्ड्यात लपवून ठेवे. थो ओरडन म्हणून. त्याच्या आंगावर टोचल्याचा वण नोयता." मग त्यांनी लुगड्याचा पदर सारून स्वतःचा दंड पुढं केला. त्यावर दोन गोल वण होते. "मले सापडवून टोचलं. मी का मुकी झाली? सांग ना वं, झाली का मुकी?"

नणंद खुदकन हसली. नवरा तर सोफ्यावर लोळायचाच बाकी होता, कारण सासूबाई मुक्या असत्या तर आमच्या घरात सुट्टीच लागली असती. मी त्यांच्या पाया पडले, गळ्यातही पडले. डॉक्टरबाईंच्या सगळ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते त्या दोन वणांनी केलं: नणंद लेकीला टोचायला तयार झाली. आणि आणखी एक गोष्ट त्या दुपारी माझ्या बाबतीत झाली, ती सांगायलाच हवी. माझा मुलगा कुणी हिरावून नेलेला नव्हता. तो कुठल्या सुईचा अपघात नव्हता. तो या घराचाच होता, त्या रंगारंगानं कांड्या लावणाऱ्या माणसाचा वारस होता. पाच वर्षं मी एका न हरवलेल्या मुलाला शोधत बसले होते. मला इतकं हलकं वाटलं की रात्रीची खिचडी मी गात गात केली.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात लसीकरण होतं. सासूबाईंनी नात मांडीवर घेतली, तिचा पाय घट्ट धरला, आणि नर्सबाईंना बजावलं, "टोचा, लेकरू रडलं तं रडू द्या." भाचीनं जो सूर लावला तो बाहेरच्या चहावाल्यापर्यंत गेला. मुलानं दोन्ही कान दाबून धरले, पण जागचा हलला नाही.

ग्रुपवर मेसेज मी टाकणार होते. आधी माफी, मग शास्त्र, असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "तुह्यं भाषण मंग टाक. पहिले माहं." आणि नातीला खांद्यावर थोपटत त्या फोनमध्ये बोलल्या:

"आयका. सुनेचा तो जुना मेसेज खोटा होता, ती सोता सांगन. आमच्या पोरीले आज टोचून आणलं. ज्याच्या घरचं लेकरू टोचायचं राह्यलं असन, त्यानं उद्याच न्या."

तो मेसेज अजून माझ्याकडं आहे. मी तो कितीदा ऐकला याचा हिशेब नाही. सासूबाईंच्या मागं भाचीचं खणखणीत रडणं ऐकू येतं. आणि अगदी शेवटी, माझ्या मुलाला सुई टोचली की मी त्याला जे म्हणत आले, तेच भाचीला सांगणारा त्याचा आवाज येतो: "झालं. झालं."