मसाफीला पोचलेला डबा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, मशिदीतल्या मौलवींनाही नाही. तीस वर्षं होत आली. आता माझी पन्नाशी उलटलीय, या सदरात लोक आपापलं मोकळेपणाने लिहितात ते वाचून थोडा धीर आलाय, म्हणून लिहितो.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात प्रत्येक चिंचेखाली कोणी ना कोणी असायचंच. मी त्याच चिंचेखाली बसून मॅट्रिकचा अभ्यास केला. नोकरीही पुढे स्टोअर क्लार्कची लागली. वस्तू हातात घ्यायची, हातात द्यायची, सही घ्यायची. जे हातात धरता येत नाही त्याच्याशी आपला संबंध नाही, असा माझा स्वभाव.

साल नेमकं लिहीत नाही, पण साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. तेव्हा यूएई नव्हतं, दिरहमही नव्हता. शारजाला विमानाच्या धावपट्टीजवळ ब्रिटिशांची छावणी होती आणि तिथल्या पलटणीत माझे मेहुणे उस्मान ड्रेसर होते. मलमपट्टी, इंजेक्शनं, तापाच्या गोळ्या, सगळं तेच बघायचे. मुंबईहून भरती होऊन आले होते. मी त्यांना दुल्हाभाई म्हणायचो. आमच्यात थोरल्या बहिणीला बुबू म्हणतात. माझी जुलेखा बुबू आणि तिची चार वर्षांची शाहिदा छावणीपासून हाकेच्या अंतरावर, खजुराच्या झावळ्यांच्या घरात राहायच्या. घराच्या भिंती शेजारच्या बकऱ्या खायच्या. बुबू म्हणायची, "गावाला पत्रात काय लिहू? घर बकरीने खाल्लं म्हणून?"

दुल्हाभाईंना सहा महिने डोंगरातल्या मसाफीच्या चौकीवर जावं लागलं. घरात कोणी पुरुष हवा म्हणून मला गावाहून बोलावून घेतलं आणि छावणीच्या स्टोअरमध्ये चिकटवलं. मी एकवीस वर्षांचा होतो.

ज्यांची माणसं अशी बाहेर चौकीवर असायची, त्या घरांचा आठवडा एका लॉरीवर चालायचा. गुरुवारी सकाळी साडेसहाला शारजाहून रेशन घेऊन लॉरी निघायची. रस्ता नव्हताच, वाळू आणि दगड. शुक्रवार तिकडे, शनिवारी दुपारी परत. त्या लॉरीतून बायका आपल्या माणसाला डबा पाठवायच्या. बुबूचा डबा म्हणजे दूध पावडरचा मोठा पत्र्याचा डबा, त्याला तारेची कडी, कडीला तिच्या जुन्या ओढणीची निळी चिंधी आणि एका बाजूला शाहिदाने पाडलेला पोचा. आत सांदणं, जवळ्याची चटणी, कधी घावणे. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत दुल्हाभाईंनी तिकडेही सोडली नव्हती. मसाफीच्या बागेतली लिंबं, रानबोरं, शाहिदासाठी गुळगुळीत खडे, काहीतरी असायचंच. शनिवारी झाकण उघडायचा मान शाहिदाचा. तिला वार कळत नव्हते, ती विचारायची, "आज लॉरी का?"

लॉरीचा ड्रायव्हर मुराद, बलुची. डब्यांची एकदा अदलाबदल झाली होती, तेव्हापासून त्याने नियम केला होता. डबा हातात द्यायचा आणि नाव सांगायचं. जमिनीवर ठेवलेल्या डब्याला तो हात लावायचा नाही. डबा नेऊन देणं हे माझं काम. घरातला पुरुष म्हणून तेवढंच काय ते मी करायचो.

बुबूला तेव्हा दिवस गेलेले होते, शेवटचा महिना सुरू होता. मला ते दिसत होतं, पण त्याबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. भावाशी असलं बोलायचं नसतं. मीही दुसरीकडे बघायचो.

त्या गुरुवारी डबा घेऊन मी पहाटेच्या नमाजानंतर निघालो. वाटेत इस्माईल भेटला, आमच्याच गावचा, एका व्यापाऱ्याची पिकअप चालवायचा. म्हणाला, कासम तांडेलाचं गलबत उम्म अल कुवैनला लागलंय, दुपारच्या भरतीला बहरीनला निघेल. यायचं तर आत्ता.

आता हे सांगायलाच हवं. कासम तांडेलाकडे माझ्या नावाचा निरोप होता. गावाकडे मरियमच्या वडिलांकडे माझ्या लग्नाची विचारणा केली होती आणि उत्तर गलबतातून यायचं होतं. चार महिने मी त्याची वाट बघत होतो.

मी लॉरीकडे बघितलं. मुराद अजून आलेला नव्हता. इस्माईल हॉर्न वाजवत होता — "यल्ला, जब्बार, नवरदेवाने एवढा विचार करायचा नसतो." आणि मी मनात म्हटलं, एका आठवड्याला डबा नाही गेला तर काय बिघडलं. डब्यासकट पिकअपमध्ये बसलो.

उत्तर होकाराचं होतं. कासम तांडेलाने ते सांगताना मला इतकं छळलं... आधी म्हणाला, त्यांनी दुबईला दुकान असलेला मुलगा बघितलाय. माझं तोंड उतरलेलं पाहून खलाशी हसायला लागले. मग खरं सांगितलं. आनंदाच्या भरात मी डबा उघडला आणि सगळ्यांना सांदणं वाटली. एक खलाशी म्हणाला, "बहिणीला सांग, मीठ घालायचं राहिलंय." खरंच, पिठात मीठ नव्हतं. बुबूच्या हातून असं कधी व्हायचं नाही.

तळाशी मेणकागदात घडी घातलेलं पत्र होतं. बुबू मराठी चौथी शिकलेली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळत होतं, पण तिने ते असं लपवून का ठेवलं हे कळेना, म्हणून उघडलं. लिहिलं होतं — "सुईण म्हणते मूल आडवं आहे. दहा दिवस थांबणार नाही. शनिवारच्या लॉरीने रजा घेऊन यावं. जब्बारला काही बोललेली नाही, लाज वाटते. मला भीती वाटते आहे."

गलबतावर गाणी चालू होती. मी पत्र खिशात घातलं. डबा तिथेच राहिला, एका खलाशाने तो पाणी उपसायला घेतला. मी मागायलाही गेलो नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बुबू दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "दिलास?"

मी म्हटलं, "दिला."

शुक्रवारी ती गादीला ऊन दाखवत होती. दुल्हाभाईंचे कपडे धुऊन वाळत घातले. शाहिदाला सांगत होती, उद्या अब्बा येणार, इन्शाल्ला. मला म्हणाली, "तू का जेवत नाहीस? उपाशी राहून नोकरी होते का?" आणि माझ्या ताटात जास्तीचा भात वाढला.

छावणीत वायरलेस होता. त्याच शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मी तिथपर्यंत गेलो. खिडकीतला हवालदार मला ओळखत होता, स्वभावाने चांगला होता. त्याने पेन्सिल घेतली आणि विचारलं, "बोलो, क्या लिखूं?" मला बोलता आलं नाही. बहिणीच्या पोटातल्या मुलाबद्दल परक्या माणसाला सांगायचं... आणि मग घरी येऊन बुबूला सांगायचं की मी खोटं बोललो. दोन्हीपैकी कुठली लाज मोठी होती ते मला आजही ठरवता येत नाही. "कुछ नहीं," म्हणून परत फिरलो. जे काय व्हायचं होतं ते दोन वाक्यांनी टळलं असतं, ती दोन वाक्यं मी बोललो नाही. माझा खरा गुन्हा हा. गुरुवारचा पोरकटपणा एक वेळ माफ होईल.

शनिवारी दुपारी लॉरी आली. मी लांब स्टोअरच्या भिंतीला टेकून उभा होतो. मागचा पडदा वर झाला आणि दुल्हाभाई खाली उतरले. दाढी वाढलेली, अंगभर धूळ. त्यांच्या हातात डबा होता. तारेची कडी, निळी चिंधी, तोच पोचा.

माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कशी आहे रे ती? पत्र वाचलं तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही." मग चालता चालता हसले. "सांदणात मीठ विसरली. तेव्हाच ओळखलं, घाबरलीय."

पत्र माझ्या खिशात होतं. मी वरून हात लावून बघितला, मेणकागद वाजला.

घरी शाहिदाने झाकण उघडलं. लिंबं होती आणि बोरं. बुबू दुल्हाभाईंकडे बघून रडली, मग माझ्याकडे बघून हसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि तसाच मुरादकडे गेलो.

तो टायर तपासत होता. मी विचारलं, उस्मानभाईंचा डबा तुला कोणी दिला? तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तूने दिया, और कौन देगा? हाथ में दिया, नाम बोला, खलास. सलाम का जवाब भी नहीं दिया. मैंने सोचा, क्लार्क लोग का दिमाग चढ गया."

त्या वेळी मी इस्माईलच्या शेजारी बसून उम्म अल कुवैनच्या वाटेवर होतो. मांडीवर डबा होता.

रविवारी दुपारी बुबूला कळा सुरू झाल्या. सुईणीच्या हातात काही राहिलं नाही. दुल्हाभाई छावणीत धावले आणि साहेब डॉक्टरला जीपमध्ये घालून घेऊन आले. डॉक्टर बायकांच्या घरात शिरायला तयार नव्हता, बायका त्याला शिरू देत नव्हत्या. दोघांनाही दुल्हाभाईंनी दटावलं. मला ते जमलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. मूल पायाळू आलं, काळंनिळं, आवाज नाही. दुल्हाभाईंनी स्वतः त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या. मी बाहेर वाळूत बसलो होतो. शाहिदा माझ्या मांडीवर बोरं खात होती. मग रडण्याचा आवाज आला. तिने विचारलं, "मामू, आत मांजर आहे का?"

तो अन्वर.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात दुल्हाभाईंच्या रजेचा अर्ज माझ्या समोरच्या टेबलावर आला. चौकीच्या कॅप्टनने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की बायकोचं पत्र पाहिलं, रजा मंजूर. मी तो कागद दोनदा वाचला.

आणि एक. दोनेक महिन्यांनी कासम तांडेल दुबईच्या खाडीत आला तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, तुझ्या बहिणीचा डबा राहिला होता, घेऊन जा, रिकामा देत नाही, सुकी सुरमई घातलीय. तारेची कडी, निळी चिंधी, पोचा. बुबूचा डबा त्या दिवशीही घरात चुलीशेजारी होता, मी सकाळीच बघून आलो होतो. मी सुरमई घेतली आणि डबा तांडेलाकडेच ठेवला. म्हटलं, तुमच्या कामाला येईल.

मी खूप विचार केलाय. मुरादला दिवस चुकला असेल म्हणावं, तर मिठाचं काय? दुसऱ्या कोणी डबा दिला म्हणावं, तर पत्र? ते माझ्याकडे आजही आहे, घडीवर फाटलंय.

दुल्हाभाईंना एकदाच सांगायचा प्रयत्न केला. दहा-बारा वर्षांपूर्वी, शारजालाच, ते निवृत्त होऊन गावी जायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, दुल्हाभाई, तो अन्वरच्या वेळचा डबा... त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जब्बार, पोचला ना? मग तू का अजून उचलून फिरतोस?" आणि मरियमला हाक मारून आणखी चहा मागितला. त्यांना काय माहीत होतं, किती माहीत होतं, ते मला कळलं नाही. मागच्या वर्षी ते गेले, आता कळणारही नाही.

बुबू गावी असते. घरात लग्न असो, बारसं असो, ती ही गोष्ट सांगतेच. माझा हात धरून सगळ्यांसमोर सांगते की माझ्या भावाने त्या गुरुवारी लॉरी गाठली म्हणून माझा अन्वर आहे. अन्वर आता दुबईला इंजिनिअर आहे. गेल्या महिन्यात त्याला मुलगा झाला. नाव काय ठेवायचं हे आजीने, म्हणजे बुबूने ठरवलं, जब्बार. फोनवर मला म्हणाली, "तुझ्याइतका भरवशाचा होऊ दे." मी आमीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

डबा कोणी पोचवला ते मला माहीत नाही, आणि आता कोणी समजावून सांगेल असंही वाटत नाही. एवढं माहीत आहे की तो मी पोचवला नाही. हे सांगायचं देणं मी बुबूचं लागतो, आणि अजून सांगितलेलं नाही.