उलटी बसलेली काच

लग्नानंतरची बरीच वर्षं मी सुरतेच्या डिंडोलीतल्या एका खोलीत लोकांचे जुने कॅमेरे दुरुस्त केले. लोकांना मात्र वाटायचं की ते काम माझा नवरा करतो. दार उघडं असायचं, मी खिडकीजवळच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून बसलेली दिसायचे, हातात कुणाचा तरी उघडा कॅमेरा असायचा. तरी येणारा माणूस मला ओलांडून आत बघायचा आणि विचारायचा, "भाई छे?"

भाई म्हणजे आमचे हे. लूमच्या कारखान्यात पाळीवर जायचे. कॅमेऱ्यात फिल्म कुठून घालतात हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. पण कुणी "भाई, थई गयो?", म्हणजे झाला का, असं विचारलं की ते मानेनं होकार द्यायचे. मी विचारलं, "अहो, न बघता हो कशाला म्हणता?" तर म्हणायचे, "तो इतक्या लांबून आला. नाही कसं म्हणायचं?"

हे काम मी वडिलांकडून शिकले. खानदेशात तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांची नजर लवकर अधू झाली, बारीक स्क्रू दिसेनासे झाले, तेव्हा शाळा संपल्यावर मी त्यांच्या शेजारी बसायला लागले. आधी ते सांगायचे आणि मी खोलायचे. पुढे त्यांनी सांगणंही सोडून दिलं. सुरतेला येताना माझ्या पेटीत साड्यांखाली घड्याळवाल्याचे छोटे स्क्रूड्रायव्हर होते, कान धुवायची रबरी पिचकारी होती धूळ उडवायला, आणि शाळेतला कर्कटक होता. कर्कटकाची दोन्ही टोकं घासून मी लेन्सची रिंग फिरवायचं हत्यार केलं होतं.

सुरतेत कॅमेऱ्यांना दोन रोग. पावसाळ्यातली दमट हवा लेन्सच्या आत शिरते आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती पुसून काढता येते, लेन्स वेळेत आणली तर. दुसरा रोग म्हणजे धाग्याचे तंतू. शेजारच्या गल्लीत लूम, आमचे हे लूमवर, त्यांच्या केसांत तंतू, शर्टावर तंतू. ते आंघोळ केल्याशिवाय टेबलाकडे फिरकायचे नाहीत असा मी नियम केला होता. नियम रोज मोडायचा. काच स्वच्छ करून, फुंकर मारून, उजेडाकडे धरून बघावी आणि नेमका तेव्हाच एक पांढरा तंतू तरंगत येऊन तिच्यावर बसावा. पंखा लावायचा नाही, मग मे महिन्यात घाम काचेवर पडायचा. त्याच खोलीत स्वयंपाक. मी लेन्स उघडली की सासूबाईंना फोडणी घालायची असायची.

सासूबाई घरात अहिराणीच बोलायच्या. वाईट नव्हत्या, पण त्यांच्या दृष्टीनं हे काम म्हणजे भांडी घासण्यासारखंच एक पुसण्याचं काम होतं, आणि भांडी आधी. "आधी खाई ले, मंग पुस तुन्ही काच," म्हणायच्या. लेन्सच्या आकड्यांची रिंग फिरवताना जी टिकटिक होते ती एका मोहरीएवढ्या पोलादी गोळीमुळे होते. एकदा ती गोळी उडाली आणि त्या निवडत बसल्या होत्या त्या बाजरीत पडली. सबंध दुपार मी बाजरी चाळली. गोळी संध्याकाळी बाजरीची खिचडी खाताना सासूबाईंच्या दाताखाली सापडली. "बाजरीमा लोखंड कथाईन उनं?" बाजरीत लोखंड आलं कुठून, असं त्यांनी शांतपणे विचारलं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी धुऊन बसवली.

पण मला सांगायचं आहे ते एका लेन्सबद्दल.

उधन्याकडचा एक फोटोग्राफर लग्नांची कामं करायचा. तो गुजराती, गोड बोलणारा, घाईचा. त्याच्याकडे रशियन कॅमेरा होता, जड आणि दणकट. पावसाळा संपल्यावर तो लेन्स घेऊन आला. मी समोर बसले होते. तो आमच्या ह्यांना म्हणाला, "भाई, थोडं धूसर येतंय. साफ करून द्या."

मी विचारलं, "तुम्ही उघडली होती का?"

"ना बेन, हात पण लावला नाही," तो म्हणाला. हे त्यानं ह्यांच्याकडेच बघून सांगितलं.

मी उघडली तेव्हा आतल्या रिंगवर सुरीचे ओरखडे होते. बुरशी त्यानं स्वतःच पुसली होती, अर्धीमुर्धी. आणि सगळ्यात पुढची काच उलटी बसवली होती. ती काच एका बाजूनं फुगीर असते, ती बाजू बाहेर यायला हवी. त्यानं ती आत केली होती. अशा लेन्समधून मधला भाग जेमतेम दिसतो, कडा सगळ्या पाघळतात. मी ती तशीच परत बंद करून ठेवली, कारण त्या दिवशी काचेला लावायचं औषध संपलं होतं आणि उघडी ठेवली तर तंतू शिरले असते. दुसऱ्या दिवशी मला बारडोलीला जायचं होतं. माझे मामा-मामी तिकडे ऊसतोडीला आले होते आणि मामी तापानं पडल्याचा निरोप होता. जाताना ह्यांना बजावलं, "ही लेन्स द्यायची नाही. व्हायची आहे."

परत आले तर टेबल रिकामं.

"तो आला होता," हे म्हणाले. "त्याचं लग्नाचं काम होतं."

"मी सांगून गेले होते ना?"

"बंद करून ठेवली होती. तयार दिसत होती."

मी डोक्याला हात लावून बसले. कुणाच्या तरी मुलीचं लग्न, सगळे फोटो त्या उलट्या काचेतून निघणार, आणि लग्न काही परत होत नाही. तो माणूस भांडायला येईल म्हणून मी आठवडाभर मनात उत्तरं तयार करत होते.

तो आला तो मिठाईचा पुडा घेऊन. आमच्या ह्यांना मिठी मारली. "भाई, तुमच्या हातात जादू आहे," म्हणाला आणि पिशवीतून फोटो काढून पलंगावर पसरले. मी पाहिले. नवरीचा चेहरा कसाबसा दिसत होता, त्याच्याभोवती धुकं, आणि मागची रोषणाई तिच्या डोक्याभोवती गोल गोल फिरल्यासारखी. दागिन्यांवरून उजेड ओघळत होता. मुलीकडच्यांना ते फार आवडले होते. मुलगी देवीसारखी दिसते, असं तिची आई म्हणाली म्हणे.

मी म्हणाले, "ही चूक आहे. काच उलटी आहे. द्या, सरळ करते."

त्यानं लेन्स छातीशी धरली आणि ह्यांना म्हणाला, "भाई, आ लेन्सने हवे हाथ नहीं लगाडता."

हे म्हणाले, "नाही लावणार आता हात."

त्या दिवाळीनंतर जे सुरू झालं ते आठवलं तरी आजही कपाळ दुखतं. एकामागून एक फोटोग्राफर येऊ लागले. आधी बिघडलेलं आणायचे आणि मी सुधारून द्यायचे. आता चांगल्या, निर्मळ लेन्स आणायचे आणि म्हणायचे, त्याची केली तशी करा. एकाची लेन्स तर इतकी सुंदर होती की वडिलांनी ती बघून हात जोडले असते. मी नाही म्हणाले. तो ह्यांना भेटायला कारखान्याच्या फाटकावर गेला, आणि हे हो म्हणून आले. तुम्ही हो म्हणालात तर तुम्हीच करा, असं म्हणून मी लेन्स आणि कर्कटक त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी कर्कटक उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. मग सासूबाई म्हणाल्या की लोक पैसे देऊन काच उलटी मागतात तर तुझं काय जातं. खरंच काय जात होतं ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही. मी ती काच उलटी केली. नंतर इतरांच्याही केल्या. एक जण तर म्हणाला, "बेन, थोडी बुरशी राहू द्या, भाव येतो." माझ्याशी कुणी सरळ बोललं ते असं.

शेवटी जे व्हायचं ते झालं. उधन्याच्या त्याच फोटोग्राफरनं एका मोठ्या घरचं लग्न घेतलं आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांना ओळीनं उभं करून मोठा फोटो काढला. मधले नवरा-नवरी ठीक आले. कडेला नवरीचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, उभे होते. त्यांचा चेहरा पाघळून शेजारणीच्या पदरात मिसळला होता. फुवा आधीच कशावरून तरी नाराज होते. आपल्याला मुद्दाम कडेला उभं केलं आणि मुद्दाम पुसलं, असं त्यांनी धरलं, आणि म्हणे वरातीच्या जेवणापासून सगळी जुनी भांडणं वर आली.

फोटोग्राफर तो फोटो घेऊन आमच्याकडे आला. या वेळी मिठाई नव्हती. "भाई, तुम्ही लेन्स बिघडवून टाकली," म्हणाला.

हे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे तक्रार आली की काम माझं.

मी म्हणाले, "लेन्स तुम्ही बिघडवली. सुरीनं. मी सरळ करते म्हटलं तर तुम्ही दिली नाही."

त्यानं तो फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "बेन, असं नाही का होणार की नवरी धूसर येईल आणि फुवा साफ?"

मी त्याला दोन लेन्स ठेवायला सांगितलं. नवरीला एक, फुवांना एक. त्याला ते पटलं आणि तो दुसरी लेन्स घेऊन आला. तिची पुढची काच सरळ होती, पण मधली कुणीतरी हरवली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. फोटोग्राफर कोण, हा प्रश्नच नव्हता, तोच. मी त्याला आधीच सांगितलं की माझ्या घरच्या लग्नात उलटी काच चालणार नाही. हो हो म्हणाला. हळदीच्या सकाळी मी त्याची पिशवी बघितली तर तीच लेन्स. दुसरी घरी राहिली, म्हणाला. मांडवात माणसं जमत होती, सासूबाई मला हाका मारत होत्या, आणि मी माजघर म्हणून पडदा लावलेल्या कोपऱ्यात तांदळाच्या पोत्यावर बसून ती लेन्स उघडली. हाताला हळद लागलेली, ती आधी साबणानं धुतली. काच सरळ केली, स्पिरिटनं पुसली, उजेडाकडे धरली. इतकी स्वच्छ काच मला त्या खोलीत कधी साधली नव्हती. तो शेजारी उभा राहून कुरकुरत होता, "बेन, छोकरी नाराज होईल."

फोटो आले ते असे की मी बघतच राहिले. सासूबाईंच्या लुगड्याच्या काठावरची वीण दिसत होती. नवरदेवाच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती सुटा दिसत होता. ओळीत कडेला उभे असलेले गावाकडचे लोक, प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाचा होता. हे अल्बम घेऊन बराच वेळ बसले. दोनदा मागची पानं उलटून परत पाहिली.

नणंद पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं अल्बम उघडला आणि तिचा चेहरा उतरला. लग्नाच्या धावपळीत तिच्या हनुवटीवर पुटकुळी आली होती. ती प्रत्येक फोटोत होती.

"वहिनी, साऱ्या सुरतेच्या पोरींना देवी केलंस," ती म्हणाली, "आणि मलाच का असं? तुला काय वांधा होता?"

"ते चुकीचे फोटो असतात," मी म्हणाले. "हे खरे आहेत."

"मला कुठे खरे पाहिजे होते?"

ती रडायला लागली. सासूबाई माझ्याकडे असं बघू लागल्या की जणू मीच तिला पुटकुळी आणली. मी काच, उजेड, कडा सगळं समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही, आणि ऐकून तिच्या हनुवटीवरचं काही जाणार नव्हतं हेही खरं.

दोन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मी वैतागून दुरुस्तीला आलेला एक कॅमेरा घेतला, त्याची काच माझ्या हातानं उलटी केली आणि नणंदेला म्हटलं, "जा, शालू नेसून ये." ती नेसली. सगळे दागिने घातले. मी तिला गच्चीवर नेलं, मागे शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या साड्या होत्या, आणि मी फोटो काढला. मग काच परत सरळ करून कॅमेरा ज्याचा त्याला दिला.

तो फोटो तिनं मोठा करून घेतला. तिच्या घरी बैठकीच्या भिंतीवर लावला आहे. तिच्याभोवती धुकं आहे, साड्यांचे रंग गोल फिरताहेत, हनुवटी पार धुऊन निघाली आहे, आणि आल्यागेल्याला ती तो कौतुकानं दाखवते. माझ्या वहिनीनं काढला, असंही सांगते. लग्नाचा अल्बम तिच्या ट्रंकेत तळाशी आहे. मी तिच्याकडे गेले की भिंतीकडे पाठ करून बसते.