नकाशांवरचं नाव

नकाशांच्या ऑफिसात लिनक्सचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे किल्लीदार म्हणत. कुणाची फाईल उघडेनाशी झाली की त्याच्याकडे धाव घ्यायची आणि आधी त्याची बोलणी खायची. "गेलेल्या माणसाचं खातं काढण्याआधी त्याच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करा! नाहीतर मालकाच्या नावाच्या जागी खात्याचा नुसता नंबर उरतो, आणि तोच नंबर नव्या माणसाला मिळाला की सगळं त्याचं होऊन बसतं. किती वेळा घसा कोरडा करू?"

त्या दिवशी नकाशे काढायला नवीन लागलेली मुलगी त्याच्या टेबलाशी आली. "काका, हे नकाशे मी काढलेले नाहीत. मग मालक म्हणून माझं नाव कसं?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. नकाशे त्याच्या बायकोचे होते. ती याच ऑफिसात कामाला होती. ती वारल्यावर तिचं खातं त्यानेच काढलं होतं. पण तिच्या फायली दुसऱ्या कुणाच्या नावावर करायला मन धजावलं नव्हतं.

"कुणाचे आहेत हो?"

"होती एक. रेघ फार सुबक होती तिची."

सगळे नकाशे ऑफिसच्या नावावर करायची कमांड लिहून त्याने बटण दाबलं. हे मशीन उगाच 'नक्की ना?' विचारत बसत नाही, याचं त्याला आजवर कोण कौतुक! आज लेकाच्याने एकदा विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?