पाची बोटं उघडी

शेजारचे चोळ सर कुंपणापलीकडून काहीही घ्यायचे ते पाची बोटं पसरून, उघड्या तळहातावर. कोथिंबिरीची जुडी असो की मास्कचं पाकीट. "मुठीत काही दडलेलं नको, बाई," म्हणायचे.

इथे परदेशात, पॉइंट कुकला, आमच्या शेजारी ते मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. मूळचे तंजावरचे, पण तीस वर्षं पुण्यात इतिहास शिकवलेला. मराठी आपल्यासारखीच, फक्त जरा घाईची. बोलणं कुठूनही निघो, चोळ राजांवर पोचायचं, म्हणून मी त्यांना चोळ सर म्हणायचे. वारा सुटला की त्यांची जहाजं, नळ गळला की कावेरीवरचा बांध. सून आतून ओरडायची, "अप्पा, मास्क!"

मी तेव्हा वृद्धसेवेचा ऑनलाइन कोर्स करत होते. शेवटी तोंडी परीक्षा, व्हिडिओवर. मला ती जमणार नाही, असं मी कुंपणाशी सरांना सांगितलं. इथे सगळ्यांना वाटायचं, माझं बीकॉम झालंय. मीच तसं सांगितलं होतं. खरं तर नववीत शाळा सुटली.

सरांनी लोणच्याची रिकामी बरणी कुंपणाच्या खांबावर ठेवली. "चोळांच्या काळी गावची सभा अशी निवडायचे. ताडपत्रांवर नावं, ती मडक्यात. निघालेली चिठ्ठी पाची बोटं पसरून घ्यायची, सगळ्यांदेखत वाचायची. देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवलंय!" मग रोज सकाळी बरणीत माझ्या कोर्सचे प्रश्न. सॅनिटायझर एवढा मारायचे की शाई फुटायची.

एकदा चिठ्ठी निघाली: शाळा कधी सोडलीस?

मी मूठ मिटली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"प्रश्न वाचायच्या आधीच तू सॉरी म्हणतेस. शाळा सुटलेली पोरंच तसं करतात. उघड बोटं."

"नववीत. आई आजारी पडली म्हणून."

"झालं? आता पुढची काढ."

अडकलेल्यांना नेणाऱ्या खास विमानात जागा मिळाली तसे ते अचानक पुण्याला परतले. गाडीच्या काचेवर पाची बोटं टेकलेली.

परीक्षेत बाईंनी आधी शिक्षणच विचारलं. मांडीवरची मूठ मी उघडली. "नाइन्थ. देन आय स्टॉप्ड."

"नो वरीज," त्या म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

पास झाल्याचं सरांना फोनवर सांगितलं. "पुढची काढ," एवढंच म्हणाले. दुसऱ्या लाटेत ते गेले.

आता वृद्धाश्रमात गोळ्या देताना मी प्रत्येकाला म्हणते, "ओपन हँड, प्लीज." एक आजोबा रोज कुरकुरतात, कशाला म्हणून. मग मी त्यांच्या पलंगावर टेकते आणि तंजावरपासून सुरुवात करते.